वस्तऱ्याने स्वतःची दाढी: पहिल्या महिन्यात हात कसा बसवावा

गेल्या दिवाळीपासून चार जण मला आपली कापलेली हनुवटी दाखवून गेले. चौघांनीही हौसेने वस्तरा घेतला होता, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले होते आणि पहिल्याच रविवारी कानापासून गळ्यापर्यंत सगळी दाढी उरकायला घेतली होती. एकाने तर चुलतभावाच्या लग्नाच्या सकाळीच हा प्रयोग केला. वरातीच्या फोटोत त्याच्या गालावर वर्तमानपत्राचे तीन कपटे चिकटलेले दिसतात.

हात कुणाचाच वाईट नव्हता, क्रम चुकला होता. दाढी भिजलेली नव्हती, फेस वाळून पापडी झाला होता, डावा हात नुसता लोंबकळत होता आणि उजवा मात्र पाट्यावर वरवंटा ओढावा तसा जोर करत होता. वस्तरा गालावर चालवणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात थोड्या वेळाचं काम आहे. त्याच्या आधीचं नीट झालं नाही तर हाताला कितीही कसब असू द्या, रक्त निघणारच.

सुरुवात करण्याआधी एक बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात थरथरत असतील, साखर ताब्यात नसेल किंवा चेहऱ्यावर पिकलेले मुरूम असतील तर हा नाद आत्ता करू नका. चामखीळ वा मस असेल तर ती जागा कायमची वगळा.

## १. वस्तरा कोणता घ्यायचा

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक पात्याचा: दाढीचं नेहमीचं दुधारी पातं मधोमध मोडून त्यातलं अर्धं यात बसतं. सलूनमध्ये आता सगळीकडे हाच दिसतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावता येतं. दुसरा धारेचा: अख्खं पोलादी पातं, चामड्याच्या पट्ट्यावर ओढून वापरायचा, आजोबांच्या पेटीत सापडतो तो.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला दीड महिना पात्याचाच घ्या. धारेचा वस्तरा केस ओढायला लागला की नवख्याला कळत नाही, चूक हाताची की धारेची. नव्या पात्यात धारेचा प्रश्नच उरत नाही. दुखलं तर हात चुकला, बस्स. अर्थात याचीही एक खोड आहे: अर्धं पातं पातळ आणि बोचरं असतं, कोन जरा चुकला की लगेच टोचतं. म्हणून पहिल्यांदा सौम्य पातं घ्या. 'फेदर'सारखी जपानी पाती अतिशय तिखट असतात, ती हात बसल्यावर. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठल्याही बाजारात सलूनच्या सामानाचं एखादं दुकान असतंच, तिथे स्टेनलेस स्टीलचा वस्तरा मागा. हातात घेऊन उघडझाप करून बघा. खिळा ढिला असेल आणि पातं मुठीत डुगडुगत असेल तर परत ठेवा.

आजोबांचा वस्तरा सापडला असेल तर तो तूर्त फक्त तपासून ठेवा. उजेडात धार डोळ्यांसमोर धरा: धारेवर कुठे पांढरा ठिपका चमकला तर तिथे खांड आहे किंवा धार बसली आहे. पात्याच्या पाठीवरचा गंज चालतो, धारेलगतचा चालत नाही.

थांबा: असा वस्तरा सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. विळी-सुरीला त्याने उत्तम धार लावली होती म्हणून विश्वासाने आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगनचा वस्तरा दिला. दोन मिनिटांत ठिणग्या उडाल्या, धारेवर निळसर झाक आली आणि वस्तरा संपला. त्या झाकेचा अर्थ पोलाद तापून त्याचं पाणी उतरलं. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी आत कोरलेलं असतं आणि धारेपाशी कागदासारखं पातळ होतं. चाकाचा दोष नव्हता, वस्तरा तिथे नेणाऱ्याचा होता.

## २. पातं बसवणं आणि सामान मांडणं

पातं कागदात गुंडाळलेलं असतानाच लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा. 'टक्' आवाज येतो आणि दोन भाग होतात. कागद काढून मोडायला गेलात तर पहिली जखम बोटाला. अर्धं पातं टोकांना धरून वस्तऱ्याच्या खाचेत बसवा आणि खिट्टी लावा.

तपासा: धार दोन्ही टोकांना सारखीच बाहेर दिसते का? एका टोकाला जास्त बाहेर असेल तर ते टोक गालात शिरेल. काढून पुन्हा बसवा.

मग आरशापाशी हे सगळं आधी मांडून घ्या: वस्तरा, ब्रश, साबण किंवा क्रीम, दोन वाट्या पाणी (एक फेसाला, एक वस्तरा बुडवायला), वस्तरा पुसायला ओला रुमाल, गळ्याभोवती पंचा, तुरटीचा खडा, आणि हात कोरडे करायला वेगळं फडकं. दाढीच्या मध्येच तुरटी शोधायला ओल्या हाताने कपाट उघडणारे लोक मी पाहिले आहेत, एका हातात उघडा वस्तरा घेऊन.

बेसिनचा नळ हा धारेचा शत्रू. वस्तरा नळाखाली धरू नका, एकदा टेकला की धार गेली. त्यासाठीच वाटी. बेसिनमध्ये जुना टॉवेल पसरून ठेवा. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचा. पायात चप्पल असू द्या. दार आतून लावा. पोरं मागून येऊन कमरेला मिठी मारतात.

आणि उजेड. आपल्याकडे सकाळी लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. निम्मी दाढी झाली आणि बाथरूममध्ये अंधार, हा अनुभव घ्यायचा नसेल तर खिडकीजवळ किंवा ओट्यावर आरसा लावा. उजेड समोरून तोंडावर पडला पाहिजे, पाठीमागून नको.

## ३. आधी वांग्यावर

सलूनमध्ये शिकाऊ पोरांना फुग्यावर फेस लावून सराव देतात. फुगा फुटला की चूक कळते, पण कोणती ते कळत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: भरताचं वांगं. मोठं, फिकट हिरवं, चकचकीत सालीचं. त्याला गालासारखा फुगीर भाग असतो, देठाकडे जबड्यासारखं वळण असतं आणि सालीवर जरा ओरखडा उमटला तरी लगेच दिसतो.

वांग्याला फेस लावा. वस्तरा सालीवर सपाट टेकवा, मग पाठ थोडी उचला. घड्याळात बारा आणि एक या दोन आकड्यांमध्ये जेवढी फट असते तेवढा कोन हवा, म्हणजे साधारण ३० अंश. आता फेस काढा. फक्त फेस. दोन बोटं रुंदीचा ओढा घ्या, उचला, पुसा, पुन्हा.

सालीवर बारीक उभ्या रेषा उमटल्या तर कोन जास्त आहे, तुम्ही खरवडता आहात. फेस निघतच नसेल आणि वस्तरा घसरत असेल तर कोन कमी आहे. एका जागी आडवी चीर पडली तर हात बाजूला सरकला आहे, आणि हीच चूक गालावर सगळ्यात महाग पडते. वस्तरा धारेच्या काटकोनात पुढे ओढला तर खुंट कापतो. धारेच्या लांबीच्या दिशेने जरासा जरी सरकला तर कातडी कापतो. सुरीने टोमॅटो चिरताना आपण हेच करतो.

तीन-चार दिवस रोज एक वांगं. एकही ओरखडा न उमटता अख्खं वांगं साफ होईपर्यंत गालाला हात लावायचा नाही. (आमच्या घरी ती वांगी भरताला घ्यायला कोणी तयार झालं नाही. मी तीनदा धुतली होती.)

याच दिवसांत दुसरा एक सराव सोबत चालू ठेवा: डाव्या हाताने दात घासा. पुढे डाव्या गालाला तो हात लागणार आहे. डावखुरे असाल तर इथून पुढे उजवं-डावं उलटं वाचा.

## ४. केसांची दिशा ओळखा

दोन दिवस दाढी वाढू द्या. मग कोरड्या चेहऱ्यावरून बोटं फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जातं ती केसांची दिशा, जिकडे बोट अडतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस वरून खाली येतात. गळ्यावर मात्र भरवसा नाही. कुणाचे खालून वर, कुणाचे आडवे, तर कुणाचे कंठापाशी भोवऱ्यासारखे फिरतात. माझे डाव्या बाजूला जवळजवळ आडवे आहेत, आणि हे मला चाळिशीत कळलं.

कागदावर चेहरा काढून बाण काढा आणि आरशाला चिकटवा. वेडेपणा वाटेल, पण गळ्यावर पुरळ उठणाऱ्या बऱ्याच जणांची चूक इथेच असते. पहिले तीन आठवडे वस्तरा फक्त बाणाच्या दिशेने.

## ५. भिजवणं आणि फेस

यात घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

कोरडा खुंट तारेसारखा टणक असतो. पाणी मुरल्यावर तो नरम होतो आणि वस्तऱ्याला अडत नाही. म्हणून दाढी आंघोळीनंतर. तसं जमत नसेल तर कोमट पाण्यात पंचा बुडवून, पिळून, तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. घड्याळ लावून तीन मिनिटं. अंदाजाने धरलेली तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात.

आता पाणी. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचं आणि विहिरीचं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, नुसती चिकट साय येते. त्या सायीवरून वस्तरा फिरवणं म्हणजे सुक्या गालावरून फिरवणं. उपाय सोपा आहे: फेसाला लागतं वाटीभर पाणी. ते फिल्टरचं घ्या, नाहीतर उकळून, गार करून, वरचं निवळ घ्या. उकळल्याने काही क्षार तळाशी बसतात आणि फेस लगेच सुधारतो. जळगाव शहरात नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं तिथे मला ही अडचण कमी जाणवली, गावाकडे बोअरच्या पाण्यावर जास्त.

ब्रश दोन मिनिटं पाण्यात ठेवा, झटका, साबणावर अर्धा मिनिट फिरवा. मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत घोटा. फेस कुठवर घोटायचा? मोठे बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त किंवा घोटणं कमी. ब्रशवर ताठ उभा राहतो आणि कोरडा दिसतो तो पाणी कमी असलेला. हवा तो घट्ट दह्यावरच्या सायीसारखा, चमकणारा, बोटांत घेतला तर सुळकन निसटणारा. गालावर केसांच्या उलट दिशेने गोल फिरवून लावा म्हणजे खुंट उभे राहतात, आणि शेवटचे दोन हात सरळ.

थांबा: पंखा बंद करा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कूलरसमोर बसून दाढी करायचा मोह होतो, पण त्या वाऱ्यात फेस दोन मिनिटांत वाळतो. उन्हाळ्यात सगळ्या चेहऱ्याला एकदम फेस लावूच नका. एका गालाचं उरकलं की मग दुसऱ्या गालाला.

## ६. वस्तरा धरायचा कसा

मूठ मागे उलटी वळवा, पातं आणि मूठ यांत अर्ध्या वर्तुळाहून थोडा जास्त कोन होऊ द्या. पात्याच्या मागची जी निमुळती मान असते तिच्या खाली अंगठा, वर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका. शेपटीसारखा वळलेला जो भाग असतो त्यावर करंगळी. करंगळी तिथे नुसती टेकलेली असते, पण तोल तीच सांभाळते.

मनगट सैल. कापूस वेचून किंवा केळीच्या घडांचं काम करून ज्यांची बोटं राठ झाली आहेत त्यांना वस्तऱ्याची मान हातात लागत नाही, मग ते आवळून धरतात. आवळून धरलेला वस्तरा सरळ जात नाही. त्याऐवजी वस्तरा दोन-तीन दिवस बंद पात्याने, म्हणजे पातं न बसवता, गालावरून फिरवून बघा. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या आबांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: "वस्तरानं वजन पुरे शे, भाऊ. तू जोर नको लावू."

ते शब्दशः घ्या. वस्तरा गालावर टेकवायचा आणि आपल्या वजनाने जाऊ द्यायचा. त्या वजनात केस निघत नसेल तर चूक फेसात, कोनात किंवा कातडी ताणण्यात आहे. जोर हे कशावरच उत्तर नाही.

## ७. पहिला आठवडा: फक्त दोन गाल

उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करा. यात कमीपणा काही नाही. गाल त्यातल्या त्यात सपाट असतो, हाड खोल असतं, दिशा सरळ असते. शिकायला तेवढंच पुरे.

उजवा गाल आधी. डावा हात डोक्यावरून घेऊन कल्ल्याच्या वर, कानशिलापाशी बोटं टेकवा आणि कातडी वर ओढा. ती ढोलक्याच्या चामड्यासारखी ताठ झाली पाहिजे. ओल्या कातडीवर बोटं निसटतात. तुरटीचा खडा ओला करून बोटांच्या टोकांना चोळा, पकड घट्ट बसते. ही एक युक्ती माहीत नसल्यामुळे लोक ताणणं सोडून देतात, आणि सैल कातडी वस्तऱ्यापुढे सुरकुतीसारखी गोळा होते. सुरकुतीच्या माथ्यावर धार चढली की कापलंच.

कल्ल्याच्या खालच्या टोकाशी वस्तरा सपाट टेकवा, ३० अंशांवर उचला आणि खाली ओढा. दोन बोटं अंतर. थांबा. सरळ बाहेर उचला. ओल्या रुमालावर पाठीकडून धारेकडे पुसा, उलट नको. डाव्या हाताची बोटं थोडी खाली आणा, पुन्हा ताणा, पुढचा ओढा घ्या. आधीच्या ओढ्यावर थोडासा चढता राहिला पाहिजे.

कान लावून ऐका. नीट कापलं जात असेल तर बारीक, एकसारखी 'खर्र' येते. आवाज बंद झाला तर कोन कमी झाला आहे. तुटक, खरबरीत आवाज आला तर कोन वाढला आहे. हात बसेपर्यंत डोळ्यांपेक्षा कान जास्त खरं सांगतात.

जबड्याची कड आली की थांबा. पहिला आठवडा कड ओलांडायची नाही. वस्तरा मध्येच अडला तर पुढे रेटू नका आणि मागेही घेऊ नका. सरळ उचला, फेस पुन्हा लावा, कोन तपासा, मग हात घाला. फेस नसलेल्या जागी "एकच केस राहिलाय" म्हणून वस्तरा नेणं हा सगळ्यांचा आवडता गुन्हा आहे. तो केस राहू द्या. उद्या निघेल.

डाव्या गालाला शक्यतो डावा हात वापरा. उजवाच हात आडवा आणला तर तोच आरशासमोर येतो, कोन दिसत नाही आणि वस्तऱ्याचं पुढचं टोक कानाच्या पाळीजवळ जातं. डावा हात पहिले दोन दिवस शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखा वागेल. पण त्याला उजव्या हाताच्या वाईट सवयी नसतात. तो जोर करत नाही, आणि माझा डावा गाल नेहमी जास्त स्वच्छ निघतो.

तपासा: आठवड्याअखेर गालावर आग होत असेल, लाल पट्टे येत असतील तर दुसऱ्या आठवड्यात पुढे जाऊ नका. तीन दिवस विश्रांती, मग पुन्हा वांगं.

## ८. दुसरा आठवडा: गळा

मान मागे टाका, पण फार नको. पूर्ण मागे टाकली की कंठ उंच येतो आणि कातडी त्याच्या दोन्ही बाजूंना खोल जाते. थोडी मागे टाकून डाव्या हाताने कातडी खाली, गळ्याखालच्या हाडाच्या खोबणीकडे ओढा.

कंठावरून थेट वस्तरा नेऊ नका. कातडी बोटाने बाजूला सरकवून कंठावरची जागा शेजारच्या सपाट भागावर आणा, तिथे कापा, मग सोडून द्या. दुसऱ्या बाजूला तसंच. किंवा एक आवंढा गिळून थोपवून धरा, कंठ वर जातो आणि खालचा भाग मोकळा होतो.

ओढे छोटे ठेवा, एक बोटभर. आरशाला लावलेल्या कागदावरचे बाण इथे कामाला येतात.

## ९. तिसरा आठवडा: हनुवटी आणि ओठावरची जागा

ते चौघे कापून घेऊन आले ते इथेच. हनुवटी गोल आहे, वस्तरा सरळ आहे. म्हणजे प्रत्येक ओढ्यात धारेचा जेमतेम नखाएवढा भाग टेकतो. खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, हनुवटी ताणली जाते. मग वस्तरा नखाएवढ्या अंतरावर, अगदी तुटक चालवा आणि प्रत्येक ओढ्याला हनुवटीच्या उतारानुसार कोन पुन्हा जुळवा. हनुवटीचा केस सगळ्यात जाड असतो. तिथे फेस सगळ्यात आधी लावायचा आणि वस्तरा सगळ्यात शेवटी.

मिशी ठेवत असाल, आणि आपल्याकडे बहुतेक जण ठेवतात, तर ओठावरचा त्रास वाचला. फक्त मिशीची कड सरळ करायला वस्तऱ्याचं टोक वापरू नका, ते काम कात्रीचं. मिशी काढायची असेल तर वरचा ओठ दातांवर ताणा, नाकाचं टोक बोटाने वर उचला आणि वरून खाली छोटे ओढे. नाकपुडीच्या कोपऱ्यात टोक घालू नका.

## १०. दुसरा हात

पहिल्या हाताने दाढी सगळी गुळगुळीत होणार नाही, व्हायची गरजही नाही. एक हात झाला की चेहरा धुवा, पुन्हा पूर्ण फेस लावा आणि आडव्या दिशेने दुसरा हात घ्या. तोही चौथ्या आठवड्यापासून आणि फक्त गालावर. उलट दिशेचा हात पहिल्या दोन-तीन महिन्यांत नकोच. सलूनमधला कारागीर उलटा हात मारून लोण्यासारखा गाल करून देतो. तो दिवसाला वीस-पंचवीस दाढ्या करतो, तुम्ही एक.

## ११. नंतर, आणि कापलं तर

गार पाण्याने चेहरा धुवा. तुरटीचा खडा ओला करून सगळ्या चेहऱ्यावरून फिरवा. जिथे झोंबेल तिथे आज हात जड पडला होता, ते लक्षात ठेवा. मिनिटभराने धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी कोरडी पडते. थंडीत वर थोडं खोबरेल किंवा क्रीम.

टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब तुरटीने थांबतात. चीर असेल तर स्वच्छ कापड घेऊन सलग पाच मिनिटं दाबा. दर दहा सेकंदांनी उचलून बघितलं की थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. विडीची राख, चुना, चहापत्ती, डब्यातली हळद यांतलं काहीही जखमेत भरू नका. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही किंवा जखमेची तोंडं उघडी दिसली तर दवाखाना गाठा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते सांगा.

वस्तरा घरातसुद्धा दुसऱ्याला द्यायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी. कावीळ ब आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, धारेवरचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही.

## १२. धारेच्या वस्तऱ्याकडे वळताना

दीड महिना पात्याच्या वस्तऱ्याने न कापता दाढी झाली की मग आजोबांचा वस्तरा काढा. दगडावरची मूळ धार आधी जाणकाराकडून लावून घ्या. तुम्हाला शिकायचं आहे ते पट्ट्यावर पाजळणं.

चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरं टोक डाव्या हाताने ताठ ओढून धरा. पट्टा झोळीसारखा लोंबला तर धार गोल होते आणि जाते. वस्तरा पट्ट्यावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. आता पाठ पुढे, धार मागे, असा ओढत न्या. दाढी करताना चालवतो त्याच्या बरोबर उलट. टोकाला पोचलात की पाठीवरच पलटी मारा. पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही, धार हवेतून फिरते. धारेवर पलटी मारलीत तर पट्टा कापला आणि धार दुमडली, दोन्ही एकदम.

पट्टा पात्याहून अरुंद असेल तर वस्तरा जाता जाता थोडा तिरका सरकवा म्हणजे सगळी धार घासली जाते. दाढीआधी ४० ते ५० फेऱ्या. सावकाश. सिनेमातल्या न्हाव्यासारखा सटासट हात चालवायचा नाही, वेगाने धार चढत नाही. पहिले चार दिवस जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेऊन नुसती पलटी गिरवा. प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात पट्ट्याला एक तरी चीर पाडतो, ती सुरीने पडणार नाही.

तपासा: धार अंगठ्याने चाचपू नका. मनगटावरच्या केसांच्या वरून, कातडीला न लागता वस्तरा न्या. केसांची टोकं अलगद तुटली तर तयार. केस नुसते वाकले तर आणखी २० फेऱ्या. तरीही वाकले तर दगडाचं काम आहे, पट्ट्याचं नाही. दगडही स्वयंपाकघरातला नको, तो फार खरबरीत असतो.

## १३. ठेवणं आणि टाकणं

धारेचा वस्तरा धुतल्यावर खिळ्याच्या फटीतलं पाणीसुद्धा फुंकून, कापसाच्या बोळ्याने टिपून काढा. पोलाद साधं असतं, आषाढात एका रात्रीत गंज धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवा. बाथरूमच्या फळीवर नाही आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानातही नाही. कोरड्या कपाटात, पोरांच्या हाताबाहेर.

पात्याच्या वस्तऱ्यातलं पातं तीन-चार दाढ्यांनंतर बदला. काटकसर म्हणून आठवडे काढणारे लोक जोर करायला लागतात, मग सगळं मुसळ केरात. जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नका. घंटागाडीवरचा माणूस हाताने कचरा निवडतो, उकिरड्यावर गाय तोंड घालते. रिकाम्या पावडरच्या पत्र्याच्या डब्याला वरून एक चीर पाडा आणि पाती त्यात सोडत जा. वर्षभर पुरतो. भरला की चिरेवर चिकटपट्टी लावायची, वर ठळक अक्षरांत 'पाती' लिहायचं आणि घंटागाडीवाल्याला सांगून त्याच्या हातात द्यायचा.